अकरावा रकाना

गुरुग्रामला मुलाकडे राहायला आल्यापासून मी सोसायटीच्या मीटिंगला जायचं टाळत होते. परवा सूनबाई म्हणाली, "आई, आज तुम्ही जा ना प्लीज, मला कॉल आहे." गेले. खाली क्लब हाऊसमध्ये एसी लावून पंचवीस-तीस माणसं बसली होती आणि सोसायटीचा अध्यक्ष अर्ध्या चड्डीत उभा राहून बजेट वाचत होता. लॉबीतलं धडधाकट कारंजं काढून तिथे नवं कारंजं बसवायचं होतं. त्याला तो 'वर्ल्ड क्लास', 'आयकॉनिक' आणि आणखी काय काय म्हणत होता. शब्द वाढत गेले तशी पडद्यावरची रक्कमही वाढत गेली. माझं डोकं सटकलं. मी हात वर केला आणि विचारलं, "ये नहीं करेंगे तो रोएगा कौन?"

सगळे माझ्याकडे वळले. अध्यक्ष हसून म्हणाला, "आंटीजी, गुड क्वेश्चन," आणि पुढच्या पानावर गेला.

तो प्रश्न माझा नव्हताच. तो वाघोलीकर साहेबांचा. इतक्या वर्षांनी तो माझ्या तोंडून बाहेर पडला आणि मग घरी येऊन मी चहासुद्धा न घेता गॅलरीत बसून राहिले.

सदाशिव वाघोलीकर. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून आमचा विभाग होता. मंत्रालय कुठलं ते सांगत नाही, सांगून काय उजेड पडणार आहे! सरकारच्या पैशावर चालणारी मंडळं, महामंडळं, केंद्रं, संस्था अशी सगळी पिलावळ दरवर्षी पुढच्या वर्षाची मागणी घेऊन आमच्याकडे यायची. त्यातली किती खरी, किती फुगवलेली हे बघायचं आणि कात्री लावायची, एवढंच आमचं काम. वाघोलीकर त्या विभागाचे साहेब आणि मी त्यांच्या हाताखालची असिस्टंट, फाइलींच्या नोटा टाइप करणारी. विभागात मराठी आम्ही दोघंच. बाकी सगळे मला 'कुंदा मॅडम' म्हणायचे. ते 'कुंदाबाई' म्हणायचे, आणि तेही काही चुकलं असेल तरच.

उंच, हडकुळे. पांढरा शर्ट, करडी पँट, बारा महिने तेच. शर्ट सहा होते, मी मोजलेत, कारण प्रत्येकाच्या कॉलरला वेगळ्या जागी रफू होतं. सरकारी चहा घेत नसत, घरून थर्मास आणत. लिफ्ट वापरत नसत. कच्चं काही लिहायचं झालं तर जुन्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर, हिरव्या पेन्सिलीनं. पेन्सिल बोटात धरता येईनाशी झाली की तिला कागदाची सुरळी करून लांबवत. मला आधी वाटलं, चिकटपणा. नंतर कळलं की या माणसाला खर्चाची शिसारीच येते, दुसऱ्या एखाद्याला पाल अंगावर पडल्यावर येते तशी.

मागणीचं पुस्तक आलं की ते आकड्यांना हात लावायचे नाहीत. आधी विशेषणं खोडायचे. 'अत्यावश्यक' गेलं, 'सर्वंकष' गेलं, 'अत्याधुनिक' तर दोनदा रेघ मारून गेलं. "हा माणूस विशेषण का वापरतो, कुंदाबाई? कारण नाम एकटं उभं राहत नाहीये." मग उरलेलं वाक्य वाचून दाखवायचे. बहुतेक वेळा उरायचं ते इतकंच, की आम्हाला गाडी हवी.

आणि प्रथा काय होती ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येक संस्था लागणार त्याच्या दीडपट मागायची, कारण तिसरा हिस्सा कापला जाणार हे तिला माहीत. आम्ही तिसरा हिस्सा कापायचो, कारण ती दीडपट मागते हे आम्हाला माहीत. दोन्हीकडचे लोक गंभीर चेहऱ्यानं हे वर्षानुवर्षं करत होते आणि याला नियोजन म्हणत होते. मग मार्च आला की उरलेले पैसे परत जाऊ नयेत म्हणून खुर्च्या, कपाटं, पडदे जे दिसेल ते उचलायचं. लाज नावाची गोष्ट त्या इमारतीत कुणी पाहिली नव्हती.

तपासणीच्या छापील पत्रकात दहा रकाने होते. वाघोलीकरांनी भांडून अकरावा छापून घेतला. 'हे न केल्यास रडणार कोण' असं त्यांनी लिहून दिलं होतं. वरच्यांनी ते 'न केल्यास बाधित होणाऱ्यांची संख्या' असं करून टाकलं. पण सुनावणीत ते स्वतःच्याच भाषेत विचारायचे. समोर मॅनेजिंग डायरेक्टर असो की कुणी निवृत्त जनरल, चष्म्यावरून बघत म्हणायचे, "ये सब ठीक है. ये नहीं किया तो रोएगा कौन?" भलेभले चाचरायचे. एकानं तर "सर, स्टाफ रोएगा," असं खरं ते सांगून टाकलं होतं.

एका महामंडळानं दोनशे खुर्च्या मागितल्या होत्या. वाघोलीकर न कळवता बसनं त्यांच्या गोदामात गेले, मलाही नेलं. आत गेल्या वर्षीच्या दोनशे खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या, प्लास्टिकसकट. त्यांच्यावर धूळ, धुळीवर मांजर. साहेबांनी एक खुर्ची खाली घेतली, प्लास्टिक न काढता तिच्यावर बसले आणि स्टोअरकीपरला म्हणाले, "अपने साहब को बुलाइए. मैं बैठा हूँ." साहेब दीड तासानं धापा टाकत आला, हातात सुक्या मेव्याचा डबा. वाघोलीकरांनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमची एक खुर्ची आज वापरात आली," हिंदीतून म्हणाले, "आता एकशे नव्व्याण्णव उरल्या. त्या संपल्या की या." मला इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडात कोंबला. त्या दिवशी मी त्यांची चेलीच झाले म्हणा ना. मलाही मग फुगलेली फाइल नुसती हातात घेऊन ओळखू यायला लागली, आणि माझ्याही ओठाला त्यांच्यासारखा बाक आला. माझे यजमान म्हणायचे, "अगं, घरी तरी ते तोंड उतरवून येत जा."

वाघोलीकरांच्या घरी नियम तेच. सरोजिनी नगरच्या क्वार्टरला पडदे नव्हते, खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं. त्यांच्या पत्नी विमलताई एकदा हळदीकुंकवाला मला सांगत होत्या. त्यांना मिक्सर हवा होता. हात दुखायचे, पाट्यावर वाटण होत नव्हतं. साहेबांनी सवयीनं विचारलं, "नाही घेतला तर कोण रडेल?"

"मी म्हटलं, मी रडेन," विमलताई म्हणाल्या. "आणि खरंच रडले हो, तिथल्या तिथे, ओट्यापाशी उभी राहून. तर हे उठले, चपला घातल्या आणि करोलबागेतून मिक्सर घेऊन आले. सगळ्यात चांगला. वर म्हणतात काय, आधी नीट सांगायचं नाही का!"

म्हणजे माणूस दुष्ट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते आहे. कुणी रडणारं दाखवा, ते सही करायचे. फक्त त्यांना ते डोळ्यांसमोर दिसायला लागायचं.

ही गोष्ट बाहेर पसरायला वेळ लागला नाही. दिल्लीत गुपित टिकतं कुठे! एका महामंडळाला कळलं की वाघोलीकरांना रडणारं माणूस लागतं. झालं. सुनावणीच्या दिवशी सकाळी त्यांनी बस भरून माणसंच आणली. आमच्या कॉरिडॉरमध्ये चाळीसेक बायाबाप्ये फतकल मारून बसले आणि अकराच्या ठोक्याला रडायला लागले. "साहब, हमारा क्या होगा!" एक बाई तर छाती पिटत होती. शिपायानं मला हळूच सांगितलं, ही त्यांच्या ड्रायव्हरची मेहुणी, जेवणाची पाकिटं बसमध्येच आहेत. वाघोलीकर बाहेर आले, एकेकाकडे बघत शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले. "कुंदाबाई, एकाच्याही डोळ्यांत पाणी नाही," म्हणाले, आणि निम्मं कापलं. पण जॉइंट सेक्रेटरींकडे कुणाचा तरी फोन आला आणि कापलेलं सगळं परत जोडलं गेलं, वर थोडं जास्तच. हे जॉइंट सेक्रेटरी म्हणजे एक गुळगुळीत प्रकरण. त्यांचा खर्चाला विरोध नव्हता आणि काटकसरीलाही नव्हता. ज्या बाजूनं फोन येईल त्या बाजूला त्यांचं मत पडायचं.

त्याच आठवड्यात नसीम मुजावर आल्या.

मूळच्या सोलापूरच्या, कापडाच्या रसायनशास्त्रात शिकलेल्या. पानिपतला एका मंडळाचं छोटं रंगतपासणी केंद्र होतं, त्याच्या त्या प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, त्या धरून सहा माणसं आणि दोन खोल्या. पानिपतला घराघरांतून चादरी, सतरंज्या विणतात. त्यांच्या सुताला लावायचा रंग पक्का आहे की नाही, त्यात अंगाला अपाय करणारं काही घातलंय का, ते तपासून ही सहा माणसं चिठ्ठी द्यायची. सुताचे व्यापारी नमुना घेऊन यायचे, चिठ्ठी मिळाली की तोच रंग वापरून सूत विणकरांना द्यायचे. काम संपलं. फीत कापायला मंत्री बोलवावा असं त्यात काही नव्हतं.

त्यांची मागणी एका पानाची होती. मी पान उलटून बघितलं, मागे काही नाही. विशेषण एकही नाही. वाघोलीकरांची हिरवी पेन्सिल कागदावर फिरून तशीच वर आली.

"हे दीडपट नाही," ते म्हणाले.

"नाही साहेब. लागतंय तेवढंच मागितलंय बघा. मला काय तसलं जमत नाही."

वाघोलीकर मराठी ऐकून सुखावले होते, की खरं ऐकून, कोण जाणे. चष्मा पुसला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "हे केंद्र बंद केलं, तर कोण रडेल?"

त्यावर प्रत्येक जण ताबडतोब बोलायचा. शेतकरी, कारागीर, महिला, देश. मुजावरबाई विचार करत बसल्या. पंखा फिरत होता. मग त्या म्हणाल्या, "कुणी नाही रडणार साहेब."

"कुणीच नाही?"

"ज्यांच्यासाठी करतो त्यांना आम्ही हाय हेच ठाऊक नाही. रंग टिकला तर कोण कशाला विचारतंय, का टिकला म्हणून?"

पुढचं वाक्य मी ऐकलं, पण साहेबांनी ऐकलं नाही. त्यांची पेन्सिल पहिल्या वाक्यावरच चालू झाली होती. त्यांचा चेहरा अक्षरशः उजळला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं नव्हतं! त्या गेल्यावर ते मला म्हणाले, "बाई खरी आहे. अशी माणसं हवीत." आणि मग नोट सांगितली. 'केंद्र बंद केल्यास कोणीही बाधित होणार नाही, हे केंद्रप्रमुखांनी स्वतः मान्य केले आहे. सबब केंद्र बंद करावे.' खाली मुजावरबाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल दोन ओळी कौतुकाच्या. मी ते सगळं टाइप केलं. एका शब्दाला अडखळले नाही की पुढच्या वाक्याची आठवण करून दिली नाही. मलाही ते फार चोख वाटलं होतं. ज्यांनी ड्रायव्हरची मेहुणी आणली त्यांना सगळं मिळालं, आणि खरं बोलणाऱ्या बाईच्या केंद्राला कुलूप लागलं, आणि आम्ही दोघं त्या दिवशी खुशीत डबा खाल्ला. थू आमच्या जिंदगानीवर!

वर्ष गेलं असेल. हिवाळ्यात एका सोमवारी वाघोलीकर गुलाबी शर्ट घालून आले. मंगळवारी वेगळं रफू, पण गुलाबीच. विमलताईंनी पानिपतची लाल चादर घेतली होती आणि पहिल्याच धुण्यात तिनं सहाही शर्ट रंगवून टाकले होते. विभागात खी-खी सुरू झाली. कुणीतरी 'गुलाबी साहब' नाव ठेवलं. मी धीर करून म्हटलं, "साहेब, नवे शर्ट घ्या ना."

"का? फाटलेत का? अंग झाकतायत ना?"

पण चादर त्यांनी सोडली नाही. माल खोटा असेल तर दोष कुणाचा ते ठरलंच पाहिजे. जुन्या सरकारी डिरेक्टरीत रंगतपासणी केंद्राचा पत्ता शोधला, चादरीचा कोपरा कापला, तपासणीची फी स्वतःच्या खिशातून पोस्टल ऑर्डरनं जोडली आणि पाकीट पाठवून दिलं. आपण काय काय बंद केलंय ते त्यांच्या लक्षात राहत नसे. लक्षात ठेवायचं कारणही नव्हतं, त्यांच्या मते.

पंधरा दिवसांनी पाकीट परत आलं. वर पोस्टमनचा शेरा, 'दफ्तर बंद हो चुका है.' ते पाकीट घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. कधी यायचे नाहीत, बोलवायचे. कपाटातून जुनी फाइल काढायला लावली आणि स्वतःची नोट उभ्यानं वाचली.

"कुंदाबाई, हे आपणच बंद केलं."

'आपण' म्हणाले. मला राग आला. आपण कसलं, तुम्ही! पण टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं खाली असतात, ती माझी होती.

मुजावरबाईंना मंडळानं दिल्लीतच स्टोअरमध्ये बसवलं होतं, टाचण्यांचे डबे मोजायला. वाघोलीकर जाऊन त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले. "मुजावरबाई, मला तिथे घेऊन चला."

"आता काय बघायचंय साहेब, कुलूप?" त्यांनी मान वर केली नाही. तरी रविवारी आल्या. आंतरराज्यीय बसअड्ड्यावरून आम्ही तिघं पानिपतच्या बसमध्ये बसलो. साहेबांनी आपलं तिकीट आपण काढलं, आमचंही काढलं. हे मी पहिल्यांदा पाहत होते.

कुलूप होतंच. मुजावरबाई तिथे थांबल्याही नाहीत, सरळ मागच्या गल्लीत शिरल्या. एका घराच्या ओसरीत खड्डी होती, म्हणजे हातमाग, खाली खड्डा आणि वर चौकट. तिच्यावर गोणपाट टाकलेलं. शेजारी बाजेवर बलबीर नावाचा म्हातारा विणकर बसला होता. मुजावरबाई त्याला ओळखत होत्या, तो त्यांना ओळखत नव्हता. त्याच्या सतरंज्यांचे दोन गठ्ठे बाजारातून परत आले होते, रंग जातो म्हणून. तिसराही परत आल्यावर व्यापाऱ्यानं सूत द्यायचं बंद केलं. मुलगा दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जात होता. म्हाताऱ्यानं हात पुढे केले. बोटांची सालं गेली होती, मधे मधे ओली होती. "नया रंग काटता है जी," म्हणाला. तपासून घ्यायची सोय गेल्यावर व्यापाऱ्यांनी मिळेल तो स्वस्त रंग उचलला होता, इतकं सरळ होतं.

वाघोलीकर त्या हातांकडे बघत राहिले. मग जवळजवळ ओरडलेच, "सेंटर बंद हुआ तब आप लोग दिल्ली क्यों नहीं आए? रोए क्यों नहीं?"

म्हाताऱ्यानं आळीपाळीनं आम्हा तिघांकडे पाहिलं. "कौन सा सेंटर, साहब?"

मुजावरबाई तोंड फिरवून गल्लीकडे बघत होत्या. त्या काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये साहेबांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. कर्नालकडून येणारी थंडी खिडकीतून आत येत होती. "बाईंनी उत्तर पूर्ण दिलं होतं," ते म्हणाले, "मी अर्धंच ऐकलं." मी म्हटलं, "मी पूर्ण ऐकलं होतं साहेब." ते रागावले नाहीत. रागावायला हवं होतं.

निवृत्तीला त्यांना दोन महिने उरले होते. केंद्र पुन्हा उघडावं अशी नोट त्यांनी स्वतः लिहिली. जॉइंट सेक्रेटरी गुळगुळीत हसले. "वाघोलीकरजी, आपने ही बंद किया, अब आप ही खोलेंगे? ऑडिट क्या बोलेगा?" नोट ड्रॉवरमध्ये गेली, आणि वाघोलीकर घरी गेले. निरोपसमारंभात शाल आणली होती, ती त्यांनी घेतली नाही, दुकानात परत करायला लावली. काही महिन्यांनी बढती मिळून त्यांच्या खुर्चीवर माझी नेमणूक झाली.

आणि एका सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले, मागणाऱ्यांच्या बाकावर. अंगात तोच गुलाबी शर्ट. बरोबर मुजावरबाई. मंडळाच्या हातापाया पडून दोघांनी केंद्राचा नवा प्रस्ताव करवून आणला होता. एक पान. विशेषण नाही. लागतंय तेवढंच.

मी म्हटलं, "साहेब, दीडपट करून आणा. तिसरा हिस्सा कापून मी वर पाठवते, तुम्हाला हवं तेवढं मिळेल. तुम्हाला काय मी नव्यानं सांगायला हवं?"

"लागत नाही ते कसं मागू?"

"बरं, मग निदान अकराव्या रकान्यात मला लिहू द्या. हजारो विणकर."

"किती हजार? मोजलेत?"

"मोजायचे कुणी साहेब? मोजणारं केंद्र तुम्ही बंद केलंत!" माझा आवाज चढला. मुजावरबाईंनी चमकून पाहिलं. "सांगा ना, काय लिहू? हे नाही केलं तर कोण रडेल?"

प्रश्न तोंडातून गेला आणि मला कळलं की मी अगदी त्यांच्याच चालीवर विचारलाय, चष्म्यावरून बघत.

वाघोलीकर विचार करत बसले. मुजावरबाई त्या दिवशी बसल्या होत्या तसेच. मग म्हणाले, "मी."

"म्हणजे?"

"मी रडेन. लिहा. संख्या, एक."

मी काहीही लिहू शकले असते. रकाना माझ्यासमोर होता, पेन माझ्या हातात होतं. पण मनात म्हटलं, घ्या, तुमचाच रकाना, तुमचंच उत्तर. आयुष्यभर दुसऱ्यांना सोलून काढलंत, आता भोगा. इतका कुत्सितपणा माझ्यात कुठून आला, विचारू नका. त्यांच्याकडूनच आला होता आणि आता त्यांच्यावरच उलटला होता. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'एक'.

फाइल आठ दिवसांत खाली आली. जॉइंट सेक्रेटरींचा शेरा एका ओळीचा होता. 'बाधित एक. खर्च समर्थनीय नाही.' या माणसानं नोकरीत पहिल्यांदा पैसे वाचवले होते.

वाघोलीकर एकटेच चौकशीला आले. मी फाइल पुढे केली. त्यांनी शेरा वाचला, तारीख आणि सही तपासली. "नियमाप्रमाणे आहे," म्हणाले. मग कागद उलटून पाहिला. "पाठ कोरी आहे. फुकट घालवू नका." मला खूप काही म्हणायचं होतं. साहेब, मी हजारो लिहायला हवं होतं. साहेब, प्रश्न तुमचा बरोबर होता, तो विचारला चुकीच्या माणसाला, आणि मी ते ऐकूनही टाइप करत राहिले. यातलं एक अक्षर बाहेर पडलं नाही. ते उठले आणि जिन्यानं खाली गेले.

मी खिडकीशी गेले. खाली बसस्टॉपवर ते रांगेत उभे होते, काखेत छत्री, खांद्याला कापडी पिशवी. बस आली, रांग पुढे सरकली, ते सरकले नाहीत. मागच्यांनी त्यांना ओलांडून बस पकडली. बस गेल्यावर त्यांनी चष्मा काढला, खिशातून रुमाल काढला आणि दोन्ही डोळ्यांवर दाबून धरला. रुमालही गुलाबीच होता, त्याच धुण्यातला. बराच वेळ त्यांनी तो खाली घेतला नाही.

मी टेबलापाशी परत आले. फाइल उघडीच होती. अकराव्या रकान्यातला आकडा मी बरोबर भरला होता.